अक्काचा हात

छावणी, छत्रपती संभाजीनगर
दि. ३ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास कडुबाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायला बंदी, म्हणून पत्र. माझ्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली आहे. पोट फाडणार नाहीत; जांघेतून तार घालून आत कापडी नळी बसवतील. ती माझ्या मापाची बनून यायला महिना लागेल. तोवर बादली उचलायची नाही, जोरात खोकायचं नाही. सूनबाई मोनिका दारातच खुर्ची टाकून बसते. जीव कोंडलाय, अक्का.

तू मात्र इतक्यात येऊ नकोस. घरात रंगकाम चालू आहे. लोभ आहेच, तो पत्रातून पोचत राहो.

तुझा धाकटा,
कडुबा


पाचोड
दि. ८ नोव्हेंबर

चि. कडुबास अनेक आशीर्वाद.

ज्याला खोकायची मनाई, त्याला कोणी रंगाच्या वासात ठेवतं का? लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही.

बाजारचा दिवस गेला की येते. बेंबी सरकलीय तुझी, दुसरं काही नाही. आखाडात तीनदा बसवली, तीनदा सरकली. या खेपेला एरंडेल कोमट करून अंगठ्यानं चांगली दाबते. पंचक्रोशीतल्या बायका माझ्या हाताला यश आहे म्हणतात, मग सख्ख्या भावालाच गुण का येऊ नये? माया उणी होऊ देऊ नकोस.

आवडाबाई


छावणी
दि. ११ नोव्हेंबर

ती. अक्कास सा. न.

रंगकाम नाही. तू दाबत होतीस ती बेंबी नव्हती, फुगलेली वाहिनीच उडत होती. पोट कोणी चोळलं का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी नाही म्हणालो. पुन्हा दाबलं तर ती फुटेल आणि मी दवाखान्यापर्यंतही पोचणार नाही. तुला हे कळू नये म्हणून खोटं लिहिलं. रागव, पण हात लावू नकोस. सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं, असं डॉक्टर म्हणाले. तेवढं ऐक.

कडुबा


पाचोड
दि. १५ नोव्हेंबर

चि. कडुबास आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. माझ्याच हातांची भीती वाटते. काल पोट दाखवायला आलेल्या बाईला सरळ दवाखान्यात पाठवलं.

आता माझं ऐक. आडवी झाले की चार महिन्यांपासून माझ्याही बेंबीच्या वर तसंच उडतं. रोज सकाळी मीच ते चोळत होते. कोणाला सांगितलं नाही. दिव्याखालचा अंधार गावाला दिसू नये एवढंच. तुझं पत्र आल्यापासून खाटेवर उताणी पडून आहे, शिंक आली तरी नाक दाबते.

हे पत्र शेजारच्या गोकुळरावांच्या हाती देते. त्यांची जीप आहे. मी कसं यावं, ते डॉक्टरांना विचारून त्यांना आजच परत पाठव. मोनिकाला म्हणावं, रंगकाम उरकलं असेल तर कडुबाच्या शेजारी माझी खाट टाक.

तुझी अक्का