सासूबाईंचा डेलिया

सोत्कामो,
१२ ऑक्टोबर १९९६

आदरणीय सिल्वीताई यांना आर्मासचा नमस्कार.

प्रथम तुमच्या गुडघ्याची चौकशी करतो. ऑगस्टमध्ये तुम्ही आमच्या पायऱ्या उतरलात तेव्हा तो कुरकुरत होता. (पायरीही कुरकुरते, त्यामुळे नक्की कोण ते मला कळलं नाही. पायरीला मी खिळा मारला आहे.) तुमच्या तुर्कूला म्हणे अजून नुसता पाऊसच पडतोय. आमच्याकडे परवा तळ्याच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरला. माझी प्रकृती उत्तम आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहून भुवया वर चढवल्या, पण त्यांच्या भुवया मुळातच तिथे आहेत, त्यामुळे मी फारसं मनावर घेतलं नाही. शेजारचा ओन्नी मजेत आहे आणि तुम्हाला नमस्कार सांगतो. त्याने खरं तर नमस्कारापेक्षा जास्त काही सांगायला हवं, पण ते पुढे येईलच.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही प्रश्न विचारता आणि मी अगदी खरी उत्तरं देतो, आणि सगळा घोटाळा तिथेच झालेला आहे. म्हणून हे पत्र. वाचण्याआधी कॉफी करून घ्या आणि बसून वाचा.

मार्चमध्ये इंकेरीला पोचवून आपण स्मशानातून परत येत होतो, तेव्हा तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "आर्मास, मला तिचं दुसरं काही नको. ना चमचे, ना शाल. वसंतात आईच्या डेलियाचा एक कंद तेवढा दे. माझे एक्याण्णवच्या ओल्या हिवाळ्यात सगळे कुजले. आता जगात तो फक्त तुमच्याकडे आहे." मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. आता तुम्ही म्हणाल, हो म्हणणाऱ्या माणसाला डेलिया म्हणजे काय ते ठाऊक असायला हवं. तर फूल मला ठाऊक होतं. घराच्या दक्षिणेच्या भिंतीशी, दर ऑगस्टला, गडद लाल, जवळजवळ काळं. पण ते फूल हिवाळ्यात कुठे जातं याचा मी कधी विचारच केला नव्हता. माझी समजूत अशी, की जो जिथे फुलतो तो तिथेच राहतो. मी नाही का राहिलो. त्यामुळे एप्रिलभर मी त्या भिंतीशी जाऊन बर्फ किती वितळला ते बघत होतो आणि खाली सासूबाईंचा डेलिया निवांत झोपला आहे अशा समाधानात घरी येऊन टीव्ही लावत होतो.

ऑक्टोबर महिन्यात इंकेरी तिथे काहीतरी उकरत असायची हे मी पाहिलेलं होतं. म्हणजे असं, की सकाळची शाळेची फेरी घेऊन मी घरावरून जायचो, तेव्हा ती माझा जुना कोट घालून भिंतीशी वाकलेली असायची. बस दिसली की फावडं उंच करून हलवायची. मी हॉर्न द्यायचो. पोरं मागून ओरडायची, "आर्मासकाका, अजून एकदा!" मग मी अजून एकदा द्यायचो. एकतीस वर्षं हे चाललं. तू काय उकरतेस गं, हे मी एकदाही विचारलं नाही. वेळापत्रक असतं हो बसला. आणि संध्याकाळी घरी आल्यावर टेबलावर सूप असायचं आणि विचारायचं राहून जायचं.

असो. पहिल्या मेला ओन्नी जेवायला यायचा होता. सणाचा दिवस, दोघेही विधुर, दोघांच्या मिळून एका घरात चूल पेटली तर सरपण वाचतं असा हिशेब. (त्याचं वाचतं.) सॉसेज होते, मोहरी होती, बटाटे संपले होते. तळघरात गेलो. एकदम मागे, फळीच्या वर, वाळूने भरलेलं एक लाकडी खोकं सापडलं. त्यावर इंकेरीच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं: "आईचे. सांभाळून." वाळूत हात घातला तर लांबट, बोटांसारखे, एका देठाला घोसाने लटकलेले. सिल्वीताई, देवाशप्पथ सांगतो, मला वाटलं की सासूबाईंच्या गावाकडची ही जुनी बटाट्याची जात असणार, आणि "सांभाळून" म्हणजे मंद आचेवर.

आता तुम्ही कॉफीचा कप खाली ठेवला असेल तर बरं.

एक तास उकडले. मऊ होईनात. ओन्नी काटा टोचून म्हणाला, "तुझी सासू कारेलियाची ना? मग बरोबर आहे." आणखी अर्धा तास ठेवले. शेवटी तसेच खाल्ले, मोहरी लावून. चव म्हणाल तर सलगम आणि ओला पुठ्ठा यांच्या मधली. नंतर दोन दिवस आमच्या पोटात जे वारं सुटलं त्याबद्दल एका बाईमाणसाला लिहिणं बरं नाही. सॉनाच्या वाफेत बसवेना. म्हणजे एकत्र बसवेना. आळीपाळीने बसलो.

पंधरा मेला तुमचा फोन आला. संभाषण मला शब्दशः पाठ आहे, कारण तेव्हापासून ते डोक्यात फिरतंय.

"आर्मास, आईचा डेलिया तळघरातून बाहेर काढलास का?"

तळघर हा शब्द कानावर पडला आणि मला ते वाळूचं खोकं आठवलं. मी म्हणालो, "काढला."

"वाळू झटकून?"

"झटकून."

"कसा होता? नरम पडला नव्हता ना?"

"छे, अजिबात नाही. चांगला कडक होता."

"शहाणा आहेस. इंकेरीला उगाच काळजी वाटायची तुझी."

यातलं एक तरी वाक्य खोटं आहे का सांगा. आणि फोन ठेवून मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलो तो अंधार पडेपर्यंत उठलो नाही. (मे महिन्यात आमच्याकडे अंधार किती उशिरा पडतो हे तुम्हाला माहीत आहे.)

कारण तेव्हा मला ती गोष्ट आठवली. इंकेरी दर ऑगस्टला पहिलं फूल उमललं की सांगायची, आणि मी बहुधा दर ऑगस्टला पेपर वाचत ऐकायचो. चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात, युद्धात कारेलिया रशियाकडे गेला आणि तुम्ही लाडोगाकाठचं घर सोडलंत तेव्हाची. सासूबाईंच्या एका हातात गाईचा दोर, दुसऱ्या हाताला सात वर्षांची इंकेरी, मागे तुम्ही भांड्यांची टोपली घेऊन, आणि सासूबाईंच्या पाठीवर बटाट्यांचं पोतं. पोत्याच्या तळाशी तीन कंद. त्या हिवाळ्यात परक्यांच्या घरातल्या एका खोलीत तुम्ही तिघी राहत होतात. फेब्रुवारीत बटाटे संपले. तुम्ही बारा वर्षांच्या. तुम्ही ते कंद हातात घेऊन म्हणालात, आई, हे उकडू या ना. आणि सासूबाईंनी ते तुमच्या हातातून काढून घेतले आणि म्हणाल्या, "हे खायचं नसतं बाळ, हे बघायचं असतं." इंकेरी सांगायची की त्या रात्री तुम्ही तिला तुमच्या वाटणीची भाकरी दिलीत आणि भूक नाही म्हणालात.

जी गोष्ट उपाशी बाईने उपाशी लेकरांना खाऊ दिली नाही, ती मी पोट भरलेलं असताना सॉसेजबरोबर खाल्ली. यावर विनोद करायचा मी खूप प्रयत्न केला. जमला नाही.

पुढचं तुम्हाला अर्धं माहीत आहे. मी कायानीच्या बाजारात जाऊन डेलियाची सहा रोपं आणली. विकणारी पोरगी म्हणाली, लाल आहेत. मी भिंतीशी लावली, पाणी घातलं, सशांसाठी जाळी बांधली, रोज सकाळी त्यांच्याशी बोललो (ओन्नीने पाहिलं, पण त्याने ते गावात फक्त चौघांनाच सांगितलं). ऑगस्टच्या दहा तारखेला तुम्ही बसमधून उतरलात आणि त्याच सकाळी ती सहाही रोपं उमलली. पिवळी. गोल गोल, पोरांच्या लोकरी टोपीवरच्या गोंड्यांसारखी. तुम्ही त्यांच्यासमोर उभ्या राहिलात. म्हणालात, "आईचा लाल होता." मी म्हणालो, "यंदा थंडी फार." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि मला वाटलं आता ओरडणार. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही आत आलात, कॉफी घेतलीत, वेलदोड्याचा पाव चांगला झालाय म्हणालात (विकतचा होता), आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढताना एवढंच बोललात, "आता इकडे यायचं तसं काही कारण उरलं नाही, आर्मास. जप स्वतःला." दार बंद झालं. तो नवा ड्रायव्हर दार फार जोरात लावतो.

त्याच दुपारी मी ती सहाही पिवळी रोपं मुळासकट उपटली आणि सॉनाच्या मागे खताच्या ढिगावर टाकायला घेऊन गेलो. तिकडे मी एरवी जात नाही, ढीग इंकेरीचा. मे महिन्यात ओन्नीने त्यावर गाडीभर शेण आणून टाकलं होतं आणि तेव्हापासून त्याच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. तर ढिगातून कमरेइतकं एक झाड वर आलेलं. जाड, काळपट देठ. पानांवरही काळसर झाक. टोकाला एक कळी, वाटाण्याएवढी. मी हातातली पिवळी रोपं तशीच धरून उभा राहिलो. मग आठवलं. कंद उकडण्याआधी मी त्यांच्या माना कापल्या होत्या, तो देठाजवळचा लाकडासारखा भाग, आणि सालींबरोबर ढिगावर फेकला होता. ग्रंथालयातल्या बाईंनी पुस्तक काढून दाखवलं: डोळा मानेतच असतो. कंद नुसता शिधा. म्हणजे आम्ही दोघा अडाण्यांनी झाडाची शिदोरी खाल्ली आणि झाड फेकून दिलं, आणि ते आमच्या नाकावर टिच्चून उगवलं.

कळी मात्र तयार व्हायला महिना लागणार आणि आमच्याकडे महिना कुठला? एकोणतीस ऑगस्टलाच पहिली हिमाची सूचना आली रेडिओवर. मी इंकेरीचा सणाचा टेबलक्लॉथ काढला. ओन्नीने दुधाच्या दोन कॅनमध्ये सॉनातलं कढत पाणी भरून आणलं, आम्ही ते झाडाच्या दोन्ही अंगांना ठेवलं आणि वरून तो टेबलक्लॉथ तंबूसारखा टाकला. हे दर संध्याकाळी, अकरा दिवस. तिसऱ्या दिवशी वाऱ्याने कापड उडून तळ्यात गेलं आणि ओन्नी पँटसकट आत उतरला. "सासू तुझी," म्हणाला, "आणि न्युमोनिया मला." पण रोज आला. खाल्लेल्याची टोचणी त्यालाही आहे.

नऊ सप्टेंबरला सकाळी कापड काढलं तर उमललेलं. एकच. तळहाताएवढं, लाल, मधोमध जवळजवळ काळं. इंकेरी दरवर्षी ते उमललं की गॅरेजच्या दारातून हाक मारायची, "आर्मास, ये लवकर, उघडलं!" आणि मी बसच्या खालून म्हणायचो, "आलोच." आणि कॉफीची वेळ होईपर्यंत जायचो नाही. फूल कुठे पळून जातंय, असं वाटायचं मला. यंदा मी पहिला पोचलो होतो, आणि हाक मारायला घरात कोणी नव्हतं. तरी मी मारली. ओन्नीला ऐकू गेली, तो धावत आला, त्याला वाटलं मी पडलो. मग आम्ही दोघं तिथेच पालथ्या बादल्यांवर बसलो, खताच्या वासात, आणि दुपारपर्यंत ते बघितलं. सासूबाईंनी सांगितल्याप्रमाणे नुसतं बघितलं.

सतरा तारखेच्या हिमाने पानं काळी पडली. मी इंकेरीसारखाच तिचा, म्हणजे माझा, जुना कोट घातला आणि उकरलं. देठ वीतभर ठेवला, उलटं टांगून पाणी निथळू दिलं. हे बसच्या काचेतून पाहिलेलं कामी आलं. तीन लहान कंद धरलेत. दोनांना डोळे आहेत. वाळू घातलेल्या खोक्यात ठेवले आहेत आणि खोक्यावर चारही बाजूंनी ठळक अक्षरात लिहिलं आहे, मंद आचेवरसुद्धा नाही.

सिल्वीताई, ते तुमचे आहेत. एक नव्हे, सगळे. येत्या गुरुवारच्या बसने, ड्रायव्हरच्या हातात देऊन, पाठवतो. माझ्यासारख्या माणसाकडे तो डेलिया पुन्हा ठेवू नका. माफ करा असं लिहायला फार उशीर केला, पण लिहितो.

गुडघ्याला जपा. ओल्यात फिरू नका.

तुमचा,
आर्मास क्युल्लोनेन

ता. क. गुरुवार उलटून गेला. खोकं घेऊन थांब्यावर गेलो होतो, पण त्या ड्रायव्हरने ते सामानाच्या कप्प्यात टायरशेजारी सरकवलं. मी काढून घेतलं. एवढ्या लांबच्या प्रवासाला ते असं एकटं पाठवणं मला जमणार नाही.

ता. क. दुसरं. ओन्नीचं म्हणणं, पत्रात नीट लिही की कंद सात होते आणि त्यातले चार तू खाल्लेस. हे खोटं आहे. चार त्याने खाल्ले. पाचव्यावरही त्याचा डोळा होता.

ता. क. तिसरं. इंकेरीची बागेची वही सापडली, शिवणाच्या डब्यात. मेमध्येच शोधायला हवी होती. त्यात सगळं लिहिलेलं आहे, वाळू किती ओली, तळघर किती गार, कुंडीत कधी. फक्त एका पानावर "कंद वेगळे कसे करायचे" असं लिहून खाली एवढंच आहे: "सिल्वीला बोलावणे. तिचा हात चांगला. शिवाय त्या निमित्ताने ती येते." कंद वेगळे करायचे ते एप्रिलअखेरीस, पण पुस्तकात लिहिलंय की हिवाळ्यातही मधूनमधून जाणत्या माणसाला बघावे लागतात. (पुस्तकात असं नाही. मी लिहितोय.) हिवाळ्यात बस फक्त गुरुवारी आणि रविवारी येते. दिवस कळवला नाहीत तरी चालेल. रिटायर झाल्यापासून मी तसाही रोज थांब्यावर जाऊन बसतो.