पान सातवरचा सहकारी

गिरगाव,
१२ फेब्रुवारी १९५९

दौलत,

कॉलेजात इंग्रजी कसं शिकवावं, यावरचा एक लेख प्राध्यापकांच्या त्रैमासिकाने माझ्याकडे परीक्षणाला पाठवलाय. रिवाजाप्रमाणे लेखकाचं नाव कापून टाकलंय. पण परळच्या वर्गात मोर्चातल्या घोषणा मुलांकडून इंग्रजीत करून घेणारा तुझ्याशिवाय दुसरा कोण असणार?

लेखक ओळखीचा निघाला, तर लेख परत करायचा असतो. मी तीन आठवडे जवळ ठेवलाय.

पान सातवर तू लिहितोस, ‘ही कल्पना एका सहकाऱ्याची.’ सहकारी! अरे, मी ती सुचवली तेव्हा आनंदाने तू कपभर चहा माझ्या साडीवर सांडलास. मी फार चिडले. मग आठवलं, बाबांनी तुझ्याविषयी विचारलं तेव्हा मीही खाली मान घालून म्हणाले होते, “कॉलेजातला एक सहकारी.”

परीक्षकाने लेखकाला लिहायचं नसतं, म्हणून हे पत्र माझ्या ट्रंकेतच राहील. शेरा मात्र आज पाठवला: ‘लेख उत्तम, जरूर छापावा. फक्त पान सातवर त्या सहकाऱ्याचं पूर्ण नाव द्यावं.’

एकदा तरी ते नाव लिही रे.

बकुळा रामजी परब