पाठीवरचे तांदूळ

४ ऑगस्ट १९९६, टॅम्पिनीस, सिंगापूर
सॅकमध्ये तांदळाची पिशवी भरून ब्लॉकचा जिना चढले. या सपाट बेटावर हिमालयाची तयारी दुसरी कशी करणार? चौथ्या मजल्यावर मिसेस लिम दारात. "लिफ्ट स्पॉइल आ?" म्हटलं, नेपाळला चाललेय ऑक्टोबरात, ट्रेकला. "देअर ऑल्सो नो लिफ्ट?" खूप हसल्या. केतकीला मात्र लाज वाटते. "आई, माझे फ्रेंड्स बघतात, लाह!"

१८ ऑगस्ट
आंग मो किओला ट्रेकच्या ग्रुपची मीटिंग. गाइड गुरुंगजींचा नियम एकच: चढताना बोलता आलं पाहिजे. "बात बंद हुई, तो समझो रफ्तार गलत है." घरी येऊन जिन्यात पाढे म्हणत चढले. सतराचा अजून येतो!
सुधीरला सांगितलेलं नाही. तो डिसेंबरात बोटीवरून साइन ऑफ होऊन घरी येणार, तोवर मी जाऊन आलेली असेन. बोटीवरच्या माणसाला उगाच काळजी.

१२ सप्टेंबर
सु.चा फोन, रॉटरडॅमहून. त्याच्या जागी येणारा रिलीव्हर लवकर मिळाला. जहाज सात ऑक्टोबरला सिंगापूरला लागतंय, तो इथेच उतरणार. माझं विमान सहाचं.
"तू आहेसच ना घरी?"
"हो. म्हणजे..."
पुढे शब्द फुटेना. जिना नव्हता, पाठीवर तांदूळ नव्हते.

१५ सप्टेंबर
चैन नाही. भांड्यांचं कपाट दोनदा लावलं. लग्नापासून तो बोटीवरून आला की दार मी उघडते, आणि भरली वांगी तयार असतात. हे कुणी ठरवलं? कुणीच नाही. म्हणूनच मोडता येत नाही. गुरुंगजींना फोन केला, पुढच्या वर्षी आले तर? "आइए ना. पहाड कहाँ जाएगा?" पहाड नाही जाणार. माझे गुडघे?

२४ सप्टेंबर
सु.चा फोन, जेद्दाहून. एका दमात सांगून टाकलं.  मग,
"बूट नवेत?"
"हो."
"आत्तापासून घालून फिर. नवे बूट पाय सोलतात." पुढे म्हणाला, "आणि मी घरी येऊन काय करू?"
"वाट बघ."
लाइन तुटली. त्याने ऐकलं की नाही...

५ ऑक्टोबर
त्याचा फोन नाही. उद्या निघायचं. केतकी म्हणते, "बाबांना दार मी उघडीन. डोन्ट वरी, लाह." परवापर्यंत ती मिसेस लिमकडे.
सॅकमधले तांदूळ डब्यात ओतले. जिन्यात आदळून तळाला कणी झालीय. डब्यावर चिठ्ठी चिकटवली, पाणी किती, शिट्ट्या किती. मग काढून टाकली. जहाजाचं इंजिन चालवतो, कुकर जमेल.
बूट घालूनच लिहितेय. अजून चावतात.