तात्पुरती टेप

८ सप्टेंबर, सोमवार
रोबो टीमचा कॅप्टन मीच. सर म्हणाले, दुसरं कुणी तयार नव्हतं. म्हणजे निवड एकमताने झाली.
स्पर्धा ११ ऑक्टोबरला, आपल्याच कॉलेजात. रोबोने चेंडू उचलून टोपलीत टाकायचे. वजन पाच किलोच्या आत. जास्त भरलं की काट्यावरूनच घरी. मच्छेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीतले लोक परीक्षक म्हणून येणार आणि आवडलेल्या मुलांना कामावर घेणार. घरी आप्पांना सांगून टाकलं, माझं डिझाईन विभागात ठरल्यासारखंच आहे. नाहीतर दिवाळीनंतर वडगावच्या शेडमध्ये त्यांचे पॉवरलूम सांभाळायचे. दिवसभर खटखटाट, अंगावर सुताची धूळ. इंजिनिअरने!
संकल्प: या रोबोला डक्ट टेपचा एक तुकडाही लागणार नाही. गेल्या वर्षी सीनियर लोकांचा रोबो सिव्हिल हॉस्पिटलमधून पळून आल्यासारखा दिसत होता. आपलं सगळं नट-बोल्टवर.

१३ सप्टेंबर, शनिवार
टीममध्ये आणखी दोघं. मंजुश्रीने सगळं ड्रॉइंग केलं, युवराजने सर्किट. मी दृष्टी देतो.
आज एक मोटर हलायला लागली. मंजुश्रीचं म्हणणं, भोकं नीट पाडून घेऊया, वर्कशॉप सोमवारी उघडतंय. सोमवारपर्यंत नुसतं बसणं मला जमणार नाही. थोडी टेप लावली. तात्पुरती. याला टेप वापरणं म्हणत नाहीत, प्रथमोपचार म्हणतात.

१५ सप्टेंबर, सोमवार
वर्कशॉप उघडं होतं. पण मोटर आता हलत नाही. चांगल्या चाललेल्या गोष्टीत हात घालू नये.
चेंडू उचलायचा हात ढिला. टेप. मंजुश्रीने विचारलं, हीपण तात्पुरतीच काय? आवाजात खोच होती. दुर्लक्ष केलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार
काळी टेप आणली. चंदेरी टेप म्हणजे जुगाड. काळी टेप म्हणजे फिनिशिंग. हा फरक फार कमी लोकांना कळतो.
कोपरे इतके सुबक आले की मीच दोनदा मागे सरकून बघितले.

२० सप्टेंबर, शनिवार
पाना हरवला. रोबोच्या सगळ्या बोल्टना बसणारा एकच पाना होता. युवराजला स्पष्ट विचारलं. तो म्हणाला, शेवटचा तुझ्याच हातात हुता की रं मंथन. आपली चूक दुसऱ्यावर ढकलायची काही लोकांना सवय असते. कॅप्टनने मन मोठं ठेवावं. ठेवलं. त्याच्याशी आज बोललो नाही.
पाना नाही म्हणजे बोल्ट आवळता येत नाहीत. मग काय करायचं? टेप.

२४ सप्टेंबर, बुधवार
मंजुश्रीची तक्रार. बॅटरी बदलायची म्हणजे आधी टेप फाडायची, मग परत लावायची, यातच अर्धा वेळ जातोय. तिला म्हणालो, यालाच शिस्त म्हणतात.
तरी तिच्या समाधानासाठी नवा संकल्प: रोज एक थर कमी करायचा. आज दोन वाढले. उद्या तीन काढले की हिशेब बरोबर.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.
रोबो घरी नेला. मागांच्या पूजेत त्यालाही बसवलं. आई हळदकुंकू घेऊन त्याच्याभोवती फिरत राहिली, मग म्हणाली, ह्याचं तोंड कुठल्या अंगाला हाय रं? कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. तिने बरोबर कॅमेऱ्यावरच कुंकू लावलं. झेंडूची माळ घातली, पुढ्यात नारळ फोडला. निम्मं पाणी रोबोच्या पोटात. तो एकदम सुरू झाला, माळ चाकात ओढून घेतली आणि भिंतीवर जाऊन आदळला.
कॅमेरा पुसला. बाकी पाणी वाळेपर्यंत कोण थांबणार? सगळं पोट टेपने गुंडाळून टाकलं. यापुढे वॉटरप्रूफ. आई म्हणाली, थंडी वाजतीया व्हय त्याला?
आप्पांनी विचारलं, मच्छेचं नक्की न्हवं? म्हणालो, नक्की, फक्त तारीख कळायची आहे. लई बरं झालं, म्हणाले, आणि किती तरी वेळ माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही. मला फार बरं वाटलं, आणि तरी लगेच उठून रोबोला टेपचा आणखी एक थर दिला. वॉटरप्रूफचं काम अर्धवट ठेवू नये.

६ ऑक्टोबर, सोमवार
ट्रायल. एकही भाग सुटला नाही. फक्त वेग थोडा गंभीर वाटतो. युवराज म्हणाला, लई जड झालाय. म्हणालो, जड नाही, भारदस्त आहे. मंजुश्रीला वजन करायचं होतं. मी नाही म्हणालो. सारखं वजन करत बसलं की माणसाचा आत्मविश्वास जातो. रोबोचाही जात असेल.

११ ऑक्टोबर, शनिवार. सकाळ.
काट्यावर पाच किलो नऊशे. काटा खराब असणार. दुसरा काटा आणायला लावला. तोही खराब.
मच्छेच्या कंपनीतल्या रचना मॅडम परीक्षक होत्या. त्यांनी विचारलं, रोबो आत आहे का? अर्ध्या तासात वजन कमी करा, नाहीतर बाद.
मी योजना सांगायला सुरुवात केली तोवर मंजुश्रीने ब्लेड चालवलं होतं. एका बाजूने चिरल्यावर सगळी टेप सालीसारखी अखंड निघाली. आतून वाळलेले झेंडू पडले. नारळाची एक करवंटी निघाली. आणि पाना.
युवराजने पाना उचलला. पान्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, बघ, किती सुरक्षित राहिला.
मंजुश्रीने पाना घेऊन सगळे बोल्ट आवळले. मोटर धरणाऱ्या पट्टीला वर्कशॉपमधून नवं भोक पाडून आणलं. वीस मिनिटांत. वजन पाचच्या आत. तेवढा वेळ टेपची ती साल मी धरून उभा होतो. कुणीतरी धरायलाच हवी होती.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
तिसरा नंबर! रोबो टेपशिवाय नुसता पळत होता. ऐनवेळी वजन कमी करण्याचा माझा निर्णय कामी आला.
खरी बातमी पुढेच आहे. बक्षीस वाटून झाल्यावर रचना मॅडमनी मला बाजूला बोलावलं. त्यांच्या हातात ती साल होती. रोबो नसतानाही तिचा आकार तसाच, सगळे कोपरे जागेवर. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? म्हणालो, मी, एकट्याने. नुसत्या हाताने? हो. मंगळवारी या, म्हणाल्या.
मंजुश्रीलाही बोलावलंय. दोघांना घेतात वाटतं.
आप्पांना फोन केला. त्यांनी तिथल्या तिथे गल्लीभर सांगितलं. मागून आईचा आवाज येत होता, कुणाला तरी पेढे आणायला पाठवत होती.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
मच्छे. कंपनी मोठी आहे. मंजुश्रीला जिन्याने वर नेलं, डिझाईनला. मला सरळ आत, मग डावीकडे, मग मागच्या शटरपाशी. पॅकिंग. आण्णाप्पा नावाच्या सुपरवायझरने ॲप्रन दिला. पार्ट बाहेरगावी जाईपर्यंत खोक्यांचे कोपरे फाटतात, म्हणाला, तुमचा हात लई साफ हाय म्हणून मॅडम सांगत हुत्या. उद्यापासून या.
मॅडमना भेटून काही तरी गैरसमज झालाय असं सांगणार होतो. गैरसमज नव्हता. डिझाईनचं विचारलं तर हसल्या, वाईट हसल्या नाहीत. हातातल्या ॲप्रनची घडी घातली. होकार दिला.
बसमध्ये वाक्य तयार केलं. घरी तेच म्हणालो: अंतिम टप्प्याचा विभाग आहे, माझ्या हाताखालून गेल्याशिवाय एकही पार्ट कंपनीबाहेर पडत नाही. आईला पटलं.
आप्पांनी मला शेडमध्ये बोलावलं. मग म्हणाले, पॅकिंगच न्हवं ते?
हो म्हणालो.
त्यांनी शेडचं दार ओढून घेतलं आणि जवळ येऊन बसले. म्हणाले, माग आता दोनच चालत्यात, सुताचा व्यापारी कवाधरनं माल देईना झालाय. आईला बोलू नको. तितं पॅकिंगला माझ्या वयाचा माणूस घेत्यात काय रं?
विचारून सांगतो, म्हणालो.