परान्न

॥ श्री ॥
बसवनगुडी, बंगळूर
सोमवार, १२ ऑगस्ट १९६३

ती. सौ. अक्कास,

वसूचा नमस्कार. इथं सगळी बरी आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. मामंजींचा खोकला कमी आहे. ह्यांची विमानाच्या कारखान्यातली नोकरी या महिनाअखेर संपते. बोट मुंबईहून नऊ ऑक्टोबरची. गुंडोभावजींनी दाढ काढली का, की अजून लवंगेवरच चाललंय?

तुझी दोन्ही पत्रं पोचली. मुंबईच्या वाटेवर दोन दिवस धारवाडला उतरणार, त्या वेळच्या जेवणाचा बेत तू आत्ताच लिहून धाडलास. कडबू, कारळ्याची चटणी, आणि आई करायची तसं चिंचगुळाचं गोज्जू. उत्तर दिलं नाही म्हणून रागावली असशील. त्या जेवणाबद्दल शेवटी लिहिते, आधी बाकीचं सांगू दे.

कुठं राहायचं ठरलं, असं तू विचारलंस. ग्लासगो ठरलं. कसं ठरलं ते सांगायची लाज वाटते, पण तुला नाही सांगायचं तर कुणाला.

ह्यांना विलायतेतल्या दोन गावांहून नोकरीचं बोलावणं आलं होतं हे तुला ठाऊक आहेच. कॉव्हेंट्रीला ह्यांचा चुलतभाऊ त्रिविक्रम सहा वर्षं आहे. त्याचं स्वतःचं घर, माडीवर आमच्यासाठी एक खोली मोकळी. ग्लासगोला आम्हाला काळं कुत्रं ओळखत नाही. मामंजींनी समुद्र ओलांडायला परवानगी दिली ती एकाच अटीवर, की सोवळं मोडायचं नाही. आणि सोवळं टिकेल ते त्रिविक्रमाच्या घरात, असं त्यांनी धरून ठेवलेलं. जन्मभर संस्कृत शिकवलेला माणूस, एकदा धरलेलं सोडत नाही.

ते धरायलाही कारण होतं. मे महिन्यात त्रिविक्रम आणि त्याची भाग्यलक्ष्मी इथं लग्नाला आली होती. आल्याबरोबर त्यानं मठात प्रायश्चित्त घेतलं. पंचगव्य असं घेतलं की तोंड जरासुद्धा वाकडं झालं नाही. मग रेशमी सोवळं नेसून पाटावर बसला आणि मामंजींना सांगू लागला, "काका, आमच्याकडे पहाटे मडी करूनच, सोवळ्यानंच स्वयंपाक. एकादशीला गॅस पेटत नाही. कारखान्यातली नऊ मुलं ठेवून घेतलीत घरात, सगळी आपल्याच मठाची." मामंजी डोळे मिटून ऐकत होते. मी वाढत होते.

दुपारी भाग्यलक्ष्मीला घेऊन मागच्या दारी गेले, परकर वाळत घालायचे होते. तिचे हात पाहिले अक्का. बोटांच्या पेरांना भेगा, त्यात काळं बसलेलं. मी काही विचारायच्या आत तिनंच सांगितलं.

"नऊ नव्हे वैनी, अकरा. दिवसपाळीचे उठून गेले की रातपाळीचे त्याच अंथरुणात येऊन पडतात. चादरी मीच धुते. पहाटे चारला उठून अकरा डबे. त्याच तव्यावर त्यांची अंडी, त्याच तव्यावर माझी चपाती. मडी कुठली आणि काय कुठलं." मग परकर झटकत म्हणाली, "तुम्ही येताय नव्हे? मी दिवस मोजतेय. दोघी असलो की स्वल्प बरं पडेल."

अंड्यांचं मला काही वाटलं नाही. हेसुद्धा दर शनिवारी कारखाना सुटल्यावर कँटोन्मेंटातल्या हॉटेलात आम्लेट खातात, मला शर्टाच्या वासावरून कळतं. घरी येऊन न्हातात, गोपीचंदनाच्या मुद्रा लावतात आणि वडिलांच्या शेजारी पाटावर बसतात. ते मी कधीच पचवलं होतं. पण सोवळ्याच्या नावाखाली एका बाईला अकरा जणांच्या चुलीला बांधायचं, आणि तेच सोवळं पाटावर बसून वडीलधाऱ्यांना चाटवायचं, याची शिसारी आली.

मला वाटलं ह्यांना यातलं काही ठाऊक नसेल. जूनमध्ये ह्यांचा गरम कोट शिंप्याकडे द्यायचा म्हणून खिसे रिकामे केले, तर त्यात त्रिविक्रमाचं निळं विमानपत्र निघालं. वाचलं. "वहिनींचा हात सढळ आहे, पन्नास पानांचा स्वयंपाक एकट्या काढतात असं तू लिहिलंस, वाचून जिवात जीव आला. भाग्याला एकटीला आता रेटत नाही. वहिनी आल्या की दोघींत निभेल. खोली त्यातच आली म्हणून समज."

माझ्या कौतुकाचं एवढंच एक वाक्य ह्यांनी चार वर्षांत लिहिलं, आणि तेही कुणाला, तर त्याला.

मी विचारलं. हे म्हणाले, "वसू, परक्या मुलखात स्वल्प चालवून घ्यावं लागतं. तिथं आपली माणसं आहेत." मी म्हटलं, मला ग्लासगो हवं. "तिथं आपलं कोण आहे?" म्हटलं, कुणी नाही म्हणूनच. तर हसले. "सरी, बरं, मग अप्पांनाच विचार," म्हणाले आणि निजले.

हे कोडं बघ. मामंजींना खरं सांगितलं तर त्रिविक्रमाचं घर बाद, पण त्याबरोबर विलायतच बाद. तिथं गेल्यावर आपली मुलं काय करतात हे कळलं की पासपोर्ट देव्हाऱ्याखाली गेलाच. शिवाय ते भाग्यलक्ष्मीच्या तोंडून आलं हे उघड होणार, आणि तिला तर त्याच घरात नांदायचं आहे. आणि अक्का, मला जायचं आहे. एका खोलीत, आमच्या दोघांच्या चुलीपुढे, जिथं मला कुणी कुणाची सून म्हणून ओळखत नाही. हे तोंडानं बोलले असते तर घरात कुणी जेवलं नसतं.

म्हणून मीही त्या दोघांसारखीच सोवळं मिरवणारी झाले.

गेल्या बुधवारी स्वामींच्या पुण्यतिथीचा, आराधनेचा मधला दिवस. मठात ही गर्दी. मी तीर्थ घ्यायच्या बायकांच्या ओळीत, मामंजी आचार्यांपाशी उभे, हे पलीकडे पुरुषांत. माझी पाळी आली तेव्हा मी आचार्यांना म्हटलं, "मला परान्न सोडायचं आहे. परदेशाहून परत येईपर्यंत दुसऱ्याच्या चुलीवरचं शिजलेलं तोंडात घालणार नाही."

ओळ थांबली. आचार्यांनी मामंजींकडे पाहिलं. "भीमाचार्य, तुमची सून तर तुमच्या पुतण्याकडे उतरणार ना? मग तिथं चूल कुणाची?"

मामंजींनी उपरणं सावरलं. मला त्यांच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती. मग म्हणाले, "त्याची चूल ती त्याची. आमच्या प्राणेशाला वेगळं बिऱ्हाड करावं लागेल."

पलीकडे ह्यांचा चेहरा बघण्याजोगा झाला. मठाच्या मध्यभागी काय बोलणार? आम्लेट आठवलं असेल.

"कधीपासून सोडतेस?" आचार्यांनी विचारलं. बोटीवर चढल्यापासून म्हटलं असतं तर बनाव उघडा पडला असता. मी म्हटलं, आजपासून. त्यांनी माझ्या हातावर पाणी सोडलं. मामंजींचे डोळे भरून आले. घरी येताना जो भेटेल त्याला सांगत होते, अशी सून लाखात एक. मी मान खाली घालून चालले. लोकांना तो विनय वाटला असेल. मला माझीच किळस येत होती.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी ग्लासगोला होकार धाडला. वेगळंच राहायचं तर त्रिविक्रमाच्या दारात राहून त्याचा राग कशाला, एवढंच म्हणाले. पगार थोडा कमी आहे. भाग्यलक्ष्मीला मी अजून पत्र लिहिलेलं नाही. ती दिवस मोजते आहे, आणि मला कागदावर पहिली ओळ सुचत नाही. मी सुटले ते तिला त्या तव्यापाशी सोडूनच, हे कसं लिहायचं?

आता तुझ्या जेवणाचं.

शनिवारी मामंजींना तुझं पत्र वाचून दाखवलं. कडबू, चटणी, गोज्जू, सगळं. ते फार मायेनं म्हणाले, "धारवाडला उतर, दोन रात्री राहा. पण जेवायचं नाही हं. बहिणीचं घर म्हणजे परगोत्र. ते परान्नच."

मी पत्राची घडी घातली आणि विहिरीवर जाऊन बसले. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून माझ्या लग्नापर्यंत मी तुझ्याच चुलीवरचं खाल्लं. तुझं लग्न झालं तेव्हा तू भावजींना सांगितलंस, वसू माझ्याबरोबर येईल, आणि ते बापडे हो म्हणाले. मला माहेर आहे ते तुझ्या स्वयंपाकघराचा उंबरठा. आणि मठात हातावर पाणी घेताना, अक्का, मला तुझी आठवणसुद्धा झाली नाही. त्रिविक्रमाची चूल डोळ्यांपुढे होती, ह्यांचा चेहरा डोळ्यांपुढे होता, तू नव्हतीस. दोन पत्रांना उत्तर दिलं नाही त्यातल्या पहिल्याला आळस हे कारण होतं. दुसऱ्याला हे.

तू म्हणशील, कोण बघायला येतंय, बैस आणि खा. ह्यांनीही तेच सांगितलं. पण मग माझ्यात आणि पाटावरच्या त्रिविक्रमात फरक काय राहिला? घेतलं खोटेपणानं, निदान पाळीन खरं. बोटीवर पोहे, लाह्या आणि फळं खाऊन काढीन.

आचार्यांना मी विचारून घेतलं आहे. शिजलेलं चालत नाही, कच्चा शिधा चालतो. तेव्हा तू काही रांधू नकोस. तुमच्या मागच्या अंगणात कढीलिंबाजवळ तीन विटा मांडून ठेव. सुपात तांदूळ, डाळ, गूळ आणि चिंच दे. मठाच्या भिक्षेकऱ्याला देतेस तसंच दे, भावजींना वाईट वाटलं तरी. मी शिजवीन, आणि तुम्ही दोघं माझ्याबरोबर जेवा. गोज्जूला चिंच किती घालायची ते मला अजून नीट येत नाही. तू जवळ उभी राहून सांग. भांड्याला हात मात्र लावू नकोस.

तुझ्या दारी शिधा घ्यायला येणारी,
तूच वाढवलेली
वसू