बाबांची घेरी

तीर्थरूप बाबा, नमस्कार.

तब्येत उत्तम आहे, डबा रोज संपवते. हे आईला मोठ्याने वाचून दाखवा.

कारखान्यांच्या कार्बनने उष्मा वाढतो, त्याचं नुकसान आमच्या सरकारी खात्यात नव्या कारखान्यांचा नफा-तोटा मांडताना आजवर शून्य धरत. मी ते खरं मांडलं, तर नफा निम्म्यावर आला. साहेब तडकले, "तीस वर्षं शून्यच धरतोय. कुणाची तक्रार आली का?"

म्हटलं, "आली. गेल्या उन्हाळ्यात वडिलांना रस्त्यात घेरी आली."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग पुटपुटले, "आमची आईसुद्धा भरदुपारी गच्चीवर जाते, ऐकेल तर शपथ! राहू द्या तुमचा आकडा."

अहवाल काल माझ्या आकड्यासकट वर गेला.

डॉक्टरांकडे जाऊन आलात ना? दुपारची सायकल बंद. तुमची घेरी आता सरकारदरबारी पोचली आहे. तिथे एकच पुरे.

तुमच्याच वळणावर गेलेली,
धाकटी