वरचे आठ

ती. आत्या,

मी चपलांवर नाम घेतलेलं नाही. नाम घेताना माझ्या हातात चपला होत्या, एवढंच. आणि त्याही खोक्यात, नव्याकोऱ्या, कुणाचा पाय न लागलेल्या. या दोन गोष्टींत फरक आहे. तो फोनवर समजावायला गेलो की तू "मेल्या, वहाणांत देव बुडवलास" म्हणतेस आणि फोन आपटतेस, म्हणून शेवटी पत्र लिहायला बसलो. पत्र फाडता येतं, पण मधेच बोलून तोडता येत नाही. (धाकटे, भावाच्या नात्यानं सांगतो, तू वाचून दाखवते आहेस तर सगळं वाच. जिथे गाळ म्हणेन तिथेच गाळ.)

रागाच्या भरात नमस्कार राहिला. साष्टांग नमस्कार. पुढे "चरणी" लिहायची रीत आहे, पण तुझे चरण आठवले की पेन अडतं. जखम कशी आहे? धाकटी म्हणते, अंगठ्यापाशी अजून ओलसर आहे, आणि शुगर असताना अनवाणी फिरतेस म्हणून डॉक्टरीणबाईंनी तुला चांगलंच झापलं. बोट जाईल म्हणाल्या. त्यावर तू त्यांनाच ऐकवलंस म्हणे, "माझ्या भाच्याच्या पायाची भिंगरी थांबली की मी पायात घालीन, औषध त्याला द्या." आत्या, दुसऱ्याच्या खोडीसाठी स्वतःच्या पायाला शिक्षा देणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. (एक पाहिली होती, माझी आई. पण ती मला आधी दोन देऊन मग स्वतः उपाशी राहायची. त्यात हिशेब सरळ होता.)

भिंगरी होती हे मी नाकबूल करत नाही. सातवीत शाळा सोडली, आणि शाळेनंही मला फारसं धरून ठेवलं नाही. पंक्चरवाल्याकडे दोन महिने, रंगाऱ्याच्या हाताखाली एक भिंत (तीही अर्धी), छापखान्यात आठवडा, आणि पाव भाजायच्या भट्टीवर सकाळी लागलो तो दुपारी बाहेर. मग तू मला आंघोळ घालून, म्हणजे करायला लावून, मठातल्या महाराजांपुढे नेऊन बसवलंस. मला वाटलं आता उपदेश होणार. त्यांनी एवढंच विचारलं, "शंभरापर्यंत मोजता येतं का रे?" मी म्हणालो, येतं. "मग झालं तर. पुढचे आठ मी शिकवतो."

ते मला तेव्हा जे आवडलं ते आजवर आवडतं. माळेत मणी एकशे आठ, पण धरायचे शंभर. वरचे आठ चुकांसाठी. मधे जांभई आली, मन भटकलं, कुणाची तरी सायकल दिसली आणि ती कितीला मिळेल असा विचार आला, या सगळ्याची भरपाई त्या आठांत. शाळेत चुकांसाठी वेगळं काही ठेवलेलं नव्हतं, छडी सोडली तर. मी पहिल्यांदाच अशी जागा पाहिली जिथे माणूस चुकणार हे आधीच धरून ठेवलं होतं. (हे मी तुला कधी बोललो नाही. तोंडावर बोललो असतो तर तू रडली असतीस आणि मग मला कुठेतरी निघून जावं लागलं असतं.)

तिथेच तू नवस बोललीस, की एका नोकरीत टिकून मी पंचवीस हजारांचा जप पुरा करीपर्यंत तू पायात काही घालणार नाहीस. मला कुणी विचारलं नाही. मी इथे, इतक्या लांब, चपलांच्या गोदामात लागलो, आणि तू तिथे चपला काढल्यास. देवाला विनोद कळतो हे तेव्हाच ध्यानात आलं.

आठ महिन्यांत नऊ हजार झाले. कमी आहेत, माहीत आहे. आमच्या खोलीत सहाजण. मी माळ घेऊन बसलो की कुणाचा रेडिओ, कुणाचं भांडण, कुणी विचारणार, किती झाले, आमच्याही नावे चार घे. मग धाकटीनं जखमेचं कळवलं. (मला सांगू नकोस असं तू तिला बजावलं होतंस, तरी तिनं सांगितलं. तिला ओरडू नकोस, ती हे वाचते आहे.) उरलेले सोळा हजार या चालीनं व्हायला वर्ष उलटलं असतं, आणि तुझ्या अंगठ्याला वर्ष नव्हतं. तेव्हा महाराजांचं बोलणं आठवलं, हाताला काम आणि मुखी नाम. माझं काम काय, तर गोदामातून खोकं उचलायचं आणि टेम्पोत द्यायचं. एका खोक्यात एक जोड. म्हटलं, हेच मणी. एक खोकं, एक नाम. एकशे आठ झाले की भिंतीवर खडूची रेघ, म्हणजे शंभराची एक माळ. रोज सहा रेघा. वीस दिवसांत बारा हजार झाले आत्या! आणि खरं सांगतो, ते वीस दिवस मला नोकरी सोडावीशी वाटली नाही. पाय जागेवर होते, तोंड चालू होतं, आणि खोकी आपोआप हलकी झाल्यासारखी वाटायची.

ती हलकी नव्हती, जास्त होती. आमच्या मुकादमानं मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "शंभराला एक रेघ मार." मी मारत होतो. माझ्या रेघा बघून तो वहीत शंभर लिहीत होता. आपल्या घरात शंभर म्हणजे एकशे आठ, पण ते जगात सगळीकडे तसं नसतं हे मला कुणी सांगायला नको का? ठोक व्यापाऱ्याकडे प्रत्येक शंभराला आठ जोड फुकट जात होते, आणि तो भला माणूस तिकडे गप्प बसून होता.

महिनाअखेरीस माल मोजला, तर नऊशे साठ जोड कमी. मुकादमानं थेट गेटवरच्या वॉचमनकाकांवर बोट ठेवलं. (काका म्हणजे ज्यांनी मला खोलीत खाट मिळवून दिली, ते.) आख्ख्या गोदामादेखत त्यांची पत्र्याची पेटी उघडली. आत एक घोंगडी, दाढीचं सामान, नातवाचा फोटो. काकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बसून राहिले. तेवढ्यात मुकादम मालकांना म्हणाला, "शेठ, नेमके शंभराला आठ जातायत. चोर हिशेबी आहे."

शंभराला आठ! आत्या, तुझ्यापासून काय लपवायचं, माझे पाय निघाले. गेट उघडं होतं आणि वॉचमन पेटीपाशी बसलेला, म्हणजे अडवायलाही कुणी नाही. सवयीचं काम, पायांना शिकवावं लागत नाही. गेटाच्या बाहेर दहा पावलं गेलो असेन. तोंडात नाम चालूच होतं, वीस दिवसांची सवय, आणि नामाबरोबर पावलंही मोजली जात होती. मी स्वतःलाच विचारलं, मोजतो आहेस तर कुणासाठी? ती बाई तिकडे तापलेल्या रस्त्यावर अनवाणी उभी आहे, आणि तू चांगली वहाण घालून पळतो आहेस. परत फिरलो.

मालकांपुढे उभा राहून म्हणालो, "चोर मी आहे, पण चोरी केलेली नाही." सगळं सांगितलं.

मालक म्हणाले, "म्हणजे तुझ्या लेखी शंभर म्हणजे एकशे आठ?"

मुकादम मधेच, "शेठ, हा सातवी नापास आहे."

"नापास नाही, सोडलेला."

"आणि वरचे आठ कशासाठी?"

"चुकांसाठी."

"कुणाच्या?"

"माझ्या."

"चुका तुझ्या, आणि भरपाई माझ्या मालातून?"

याचं उत्तर महाराजांनी शिकवलं नव्हतं. मग मालक हसले, पण मालक हसले म्हणून पैसे सुटत नाहीत. व्यापाऱ्यानं सहाशे जोड परत केले, बाकीचे आपण देवाची कृपा समजून विकले म्हणाला. त्या तीनशे साठांचे पैसे माझ्या पगारातून कापणार. नोकरी राहिली, कारण माझ्याइतकं एका चालीनं कुणी माल भरत नाही, असं खुद्द मुकादमानं सांगितलं. वॉचमनकाकांनी टोपी परत घातली आणि म्हणाले, "नाम घे बाबा, पण मोजू नकोस."

आता मुद्दा ऐक. एकवीस हजार झाले, चार राहिले. यापुढे खोक्यांवर मोजायला मला बंदी आहे, म्हणजे परत माळ, परत रेडिओ. पण तुझा नवस मूळ कशासाठी होता? भिंगरी थांबावी म्हणून. ती थांबली, आत्या. गेटाबाहेर दहाव्या पावलावर थांबली. तो आकडा कुठल्या माळेत बसवायचा ते तू बसव, पण पायात घाल. उरलेले चार हजार मी घेतो, बसून, चुकत चुकत. माझ्यावर विश्वास नसेल तर वॉचमनकाकांना विचार.

तुझा, एका जागी असलेला,
भाचा

ता. क. मठात फोन करून मी महाराजांना सगळं विचारलं. ते म्हणाले, "आधी तिला चपला घालायला सांग, जपाचं मी बघतो."

ता. क. २. वरच्या ता. क. मध्ये चूक आहे. मठातला फोन कुणी उचललाच नाही. वाक्य माझं आहे. पण तूच सांग, ते दुसरं काय म्हणाले असते? तरी पटत नसेल तर हे वरच्या आठांत धर. (धाकटे, हे गाळ. नको, वाच.)

ता. क. ३. गोदामातून एक जोड पाठवता आला असता, पण सध्या माझ्या हातून एकही जोड दुसऱ्या कुणी मोजल्याशिवाय हलत नाही. दुकानातूनच घे. पुढून बंद, मऊ तळव्याची, अंगठ्याला न घासणारी. घासाघीस करू नकोस, डॉक्टरीणबाईंना दाखवून मगच घाल. पगार कापून जे हाती आलं त्यातून चपलांसाठी एक हजार ऐंशी पाठवतो आहे. तू हजारच धर.